रणांगणावरची जीप बांधावर आणणारे कैलाशचंद्र

यवतमाळहून माहूरकडे जाताना वाटेत अरुणावतीच्या काठी आर्णी हे तालुक्याचे गाव लागते. आज या गावावरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो आणि मोटारी न थांबता पुढे निघून जातात. मात्र महामार्ग सोडून आतल्या खेड्यांकडे वळले, की विदर्भाची काळी जमीन आपला जुना स्वभाव दाखवते. उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसाळ्यात चाकाला, पायाला, बैलाच्या खुराला धरून बसणारी. अशा मुलखात ज्या एका मोटारीला खेड्यातील माणसाने मनापासून आपले मानले, ती म्हणजे जीप. तहसीलदाराची जीप, वनखात्याची जीप, गटविकास अधिकाऱ्याची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप, आणि पुढे दाटीवाटीने माणसे बसवून बाजाराच्या गावी नेणारी प्रवासी जीप. कित्येक वर्षे सरकार गावात आले, ते या गाडीत बसूनच.

ही गाडी मुळात शेतासाठी नव्हतीच, बाजारासाठी तर नव्हतीच नव्हती. तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. सैनिक, दारूगोळा आणि जखमी वाहून नेण्यासाठी ती घडवली गेली. युद्ध संपल्यावर अशा वाहनांचे काय करायचे, हा प्रश्न जगभर उभा राहिला. भारतात त्याला ज्याने सर्वांत टिकाऊ उत्तर दिले, तो माणूस ना लष्करी अधिकारी होता, ना मोटार अभियंता. त्याचे नाव कैलाशचंद्र महिंद्रा. उद्योगविश्वात ते के. सी. म्हणून ओळखले जात. महिंद्रा हे नाव आज ट्रॅक्टरवर आणि मोटारींवर घरोघर पोहोचले आहे, पण के. सींविषयी मराठी वाचकाला फारशी माहिती असत नाही.

के. सींचा जन्म १८९४ मध्ये पंजाबातील लुधियाना येथे झाला. घरात नऊ भावंडे. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्यावर कुटुंबाचा भार आला. हे जगदीशचंद्र, म्हणजे जे. सी., मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, अभियांत्रिकी शिकले आणि टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभागात मोठ्या पदापर्यंत पोहोचले. धाकट्यांची शिक्षणे व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. के. सी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी अभ्यासात नाव कमावलेच, शिवाय हॉकी आणि नौकानयनातही ते चमकले.

परतल्यावर त्यांनी कोलकात्याच्या मार्टिन कंपनीत काम केले. व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी ती हीच कंपनी. तिचे सूत्रधार सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे त्या काळातील भारतीय उद्योगाचे आदरस्थान होते. के. सींनी १९३३ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. 'हिंदुस्थान रिव्ह्यू'सारख्या नियतकालिकाच्या संपादनातही त्यांचा हात होता. मोटारीच्या कारखान्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या माणसाची पूर्वपीठिका अशी लेखन-वाचनाची आणि हिशेबाची होती. यंत्राकडे पाहताना त्याच्या बांधणीइतकाच त्याच्या उपयोगाचा विचार करण्याची सवय त्यांना लागली, ती बहुधा इथेच.

महायुद्ध सुरू झाले आणि दोघे बंधू सरकारी कामात ओढले गेले. जे. सींकडे देशाचे पोलाद नियंत्रक म्हणून जबाबदारी आली. के. सींना १९४२ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथील इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून पाठवण्यात आले. भारतासाठी लागणारा युद्धोपयोगी माल अमेरिकेकडून मिळवणे आणि जहाजांत भरून पाठवणे, हे या मिशनचे काम. कोणती वस्तू किती टिकते, कुठे मोडते, कशाचे सुटे भाग मिळतात, याचे शिक्षण अशा कामात आपोआप होते. तिथेच त्यांची गाठ विलिस-ओव्हरलँड कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्याशी पडली.

रूस यांचे नाव जीपच्या इतिहासात ठळक आहे. अमेरिकी लष्कराने १९४० च्या उन्हाळ्यात १३५ कंपन्यांना पत्रे धाडून एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी टेहळणीची गाडी मागितली आणि पहिला नमुना देण्यासाठी मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम या छोट्या कंपनीने ती पाळली. पण मोठ्या संख्येने गाड्या काढण्याची ताकद तिच्यात नव्हती. टोलेडोच्या विलिस कंपनीचा नमुना दणकट होता, इंजिनही ६० अश्वशक्तीचे, मात्र वजन लष्कराच्या मर्यादेबाहेर जात होते. रूस यांनी प्रत्येक पत्रा, प्रत्येक बोल्ट तपासून वजन उतरवले. शेवटी रंगाचा थरसुद्धा पातळ केला, असे सांगतात. विलिसचा नमुना पसंत पडला आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या काढल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर पाडल्या.

विलिस कंपनीलाही युद्धानंतरची चिंता होतीच. तिने १९४५ मध्ये नागरी जीप बाजारात आणली. मागे उघडणारी फळी, मोठे दिवे, बाजूला लावलेले जादा चाक आणि शेतीची अवजारे चालवण्यासाठी इंजिनातून ताकद घेण्याची सोय, हे तिच्यातले मुख्य बदल. म्हणजे युद्धाची गाडी नागरी करण्याची कल्पना मूळची के. सींची नव्हे. त्यांचे श्रेय निराळे आहे. अमेरिकी शेतकऱ्यापाशी ट्रॅक्टर होता, मोटार होती आणि दारापर्यंत रस्ता होता. त्याला जीप ही हौसेची किंवा जादाची वस्तू. ज्या देशात लाखो खेड्यांना रस्ताच नव्हता, तिथे हीच गाडी गरजेची ठरेल, हे के. सींनी ओळखले.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी दोघा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीचा व्यवसाय पोलादाचा. गुलाम मोहम्मद हे हिशेब आणि अर्थकारणातले जाणते, हैदराबाद संस्थानचे अर्थमंत्रिपद भूषवलेले गृहस्थ. युद्धोत्तर भारतात हे तिघे मिळून उद्योग उभारणार, असा बेत होता. दोन वर्षांतच फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. कंपनीचे नाव १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. 'एम अँड एम' अशी आद्याक्षरे असलेले कागद आधीच छापून झाले होते, म्हणून हे नाव सोयीचे वाटले, अशी आठवण पुढे सांगितली जात असे. ती गमतीने ऐकावी अशी असली, तरी तिच्या आड एका भागीदारीचा आणि एका देशाचा तुटलेला धागा आहे. हेच गुलाम मोहम्मद १९५५ च्या प्रजासत्ताक दिनी भारताचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीला आले होते.

फाळणीच्या त्याच वर्षात, १९४७ मध्ये, विलिसच्या जीप भारतात जोडण्याचा परवाना कंपनीला मिळाला. पहिल्या ७५ जीप सुट्या भागांच्या रूपात पेट्यांतून आल्या आणि मुंबईत माझगावला जोडल्या गेल्या. ७५ हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. पण त्या वेळी या गाडीचे गिऱ्हाईक कोण, हेच ठरलेले नव्हते. शहरातील धनिकाला तिच्यात बसणे कमीपणाचे वाटे. छत कापडाचे, दारे नाहीत, आसने कडक. शेतकऱ्याला ती परवडण्याजोगी नव्हती.

शिवाय त्या काळात जुन्या लष्करी जीपच बाजारात येत होत्या. आसाम-बंगालच्या आघाडीवर अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांनी मागे ठेवलेली वाहने सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत विकली जात. चहामळेवाल्यांनी, कंत्राटदारांनी आणि हौशी मिस्त्रींनी ती घेतली, दुरुस्त केली, पासिंग करून रस्त्यावर आणली. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्दप्रयोग जुन्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी रुळला तो तेव्हापासून. स्वस्तात मिळणाऱ्या या गाड्यांसमोर नव्या जीपने टिकायचे होते.

आणि जुनी लष्करी गाडी दुरुस्त करून वापरणे वाटते तितके सोपे नसते, याचा धडा देशाला लगेचच मिळाला. काश्मीरच्या लढाईत वाहनांची निकड असताना १९४८ मध्ये लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या दोन हजार जीपचा करार केला. त्यांपैकी १५५ गाड्या भारतात पोहोचल्या आणि त्या निरुपयोगी असल्याचे सांगून लष्कराने नाकारल्या. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला आर्थिक घोटाळा म्हणून 'जीप प्रकरण' ओळखले जाते. सरकारने ते १९५५ मध्ये बंद केले, पण संसदेत त्यावर रण माजून गेले होते. नेमक्या याच वर्षांत के. सी. नव्या जीप मुंबईत जोडत होते, हा योगायोग मला बोलका वाटतो. दुरुस्तीला माणूस, सुटा भाग आणि हमी यांची साखळी लागते. ती नसेल तर गाडी कितीही नामांकित असो, भंगारच. के. सींचा भर होता तो ही साखळी देशात उभी करण्यावर.

१९५१ मध्ये जे. सींचे निधन झाले आणि कंपनीची धुरा के. सींकडे आली. कारभार हाती घेताच समोर मोठा पेच उभा राहिला. सुटे भाग आणून केवळ जोडणी करणाऱ्या मोटार कंपन्यांना सरकार यापुढे थारा देणार नव्हते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने तशी शिफारस केली. भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. १९२८ पासून शिवडीला मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये कारखाना बंद केला, फोर्डनेही काढता पाय घेतला. के. सींनी उलट दिशा धरली. त्याच १९५४ साली विलिसशी नवा करार करून त्यांनी जीपचे उत्पादन भारतात सुरू करण्याचा निर्णय घेतला. जगातील दोन बलाढ्य कंपन्यांना जे परवडेनासे झाले, ते पोलादाच्या व्यापारातून आलेल्या एका देशी कंपनीने अंगावर घेणे हे धाडसच होते. विक्री मंदावली असती, तर घोटाळ्याचा शिक्का न लागता का होईना, पण जीप भारतातून तेव्हाच नाहीशी झाली असती.

ती झाली नाही, याला सरकारी धोरणही कारण ठरले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. गटागटांतून अधिकारी नेमले गेले आणि त्यांना खेड्यापर्यंत पोहोचवणारे वाहन हवे होते. पुढे महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. उंच बोनेटाची, पुढे सात फटींची जाळी असलेली जीप या सगळ्या कारभाराची खूण बनली. हे बोनेट उंच झाले ते नव्या इंजिनाला जागा लागली म्हणून. अमेरिकेत हा नमुना १९६८ पर्यंत निघाला, भारतात मात्र त्याचे वंशज त्यानंतरही कित्येक दशके रस्त्यावर येत राहिले.

के. सींचे कार्य कारखान्यापुरते नव्हते. १९४६ च्या कोळसा क्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते. वणीच्या खाणींमुळे कोळसा हा यवतमाळकरांनाही परका विषय नाही. त्या समितीच्या अहवालाचा उल्लेख भारतीय खाण धोरणाच्या चर्चेत आजही होतो. रिझर्व्ह बँक आणि एअर इंडियाच्या संचालक मंडळांवरही त्यांनी काम केले. १९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी न्यास स्थापन केला. परदेशी उच्च शिक्षणासाठी त्या न्यासातर्फे बिनव्याजी कर्जरूपाने शिष्यवृत्ती दिली जाते. थोरल्या भावाच्या कमाईवर केंब्रिज पाहिलेल्या माणसाने दान न देता परत करायचे कर्ज द्यावे, यात त्यांचा स्वभाव दिसतो.

१९६३ मध्ये के. सी. गेले. केशब महिंद्रा अध्यक्ष झाले. दोनच वर्षांनी, १९६५ च्या युद्धात, खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे रणगाडे उद्ध्वस्त केले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळवले. बांधावर उतरलेली गाडी गरज पडताच पुन्हा रणांगणावर गेली होती. के. सींनी हे पाहिले नाही.

आज त्या पिढीतील गाड्यांची अवस्था काय? महायुद्धातली विलिस आणि फोर्ड, लष्कराने लिलावात काढलेल्या महिंद्रा जीप, जबलपूरला बनलेल्या जोंगा, असा सारा पसारा हौशी मंडळी जिवापाड जपतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात लष्करी वाहने पाहायला मिळतात, पण संग्रहालयातली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यांत फरक आहे. रस्त्यावर आली की तिच्यामागे कायदा आला.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच 'व्हिंटेज' वाहनांची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी वा चारचाकी या व्याख्येत येते. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षांची, नूतनीकरणाला ५ हजार. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही खूण येते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई.

नियम हेतूने चांगला आहे, पण जीपच्या बाबतीत तो तोकडा पडतो. लिलावात विकल्या गेलेल्या लष्करी गाडीची नागरी नोंदणी तिच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी झालेली असते, त्यामुळे कागदावर ती खऱ्या वयापेक्षा तरुण दिसते. दुसरी अडचण मूळ रूपाची. के. सींनी ही गाडी आणली ती वापरायला, आणि या देशात जीप टिकली ती बदलत राहून. पेट्रोल महागले तेव्हा मालकांनी डिझेल इंजिने बसवली, पत्रा गंजला तेव्हा गावच्या मिस्त्रीने नवी बॉडी ठोकली. ज्या हिकमतीने ती जगली, तीच आता तिच्या आड येते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव करते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक भूमिका घेतली. इंधन बदलासारख्या काही गोष्टी नियमांत बसवता येतात, पण त्या आधी मंजूर करून घ्याव्या लागतात आणि नोंदणी पुस्तकात चढवाव्या लागतात.

रंगाची गोष्ट तर विलक्षण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याच्या वाहनाखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर गाडी मूळ रूपात हवी, आणि लष्करी जीपचे मूळ रूप ज्या रंगाचे, तो रंग नागरिकाला निषिद्ध. सुरक्षेचे कारण योग्यच आहे, तोतया लष्करी वाहने रस्त्यावर नकोत. पण जुन्या लष्करी वाहनांपुरती स्पष्ट अपवादाची तरतूद करणे अवघड नसावे. तूर्त तरी शहाणे मालक करडा, वाळूचा किंवा निळा रंग पत्करतात. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या युद्धकालीन जीपला तर कायद्याच्या १२० व्या कलमानुसार चालू स्थितीतील यांत्रिक वा विजेचे इशारादर्शक साधन असल्याशिवाय रस्त्यावर येता येत नाही.

आर्णीच्या आसपास एखाद्या गोठ्यात, जिनिंगच्या आवारात अशी जीप उभी दिसली आणि ती घेऊन पुन्हा चालती करण्याचा मोह झाला, तर इंजिन सुरू होते की नाही हे नंतर पाहावे. आधी चासीवरचा क्रमांक घासून साफ करावा आणि तो नोंदणी पुस्तकाशी जुळवावा. लिलावातली गाडी असेल तर लष्कराच्या विक्रीचे मूळ कागद मागावेत. पंधरा वर्षांनंतरचे दर पाच वर्षांचे नूतनीकरण झाले आहे का, हरित कर भरला आहे का, हे यवतमाळच्या आरटीओत विचारावे. सुटे भाग ही त्यानंतरची चिंता, आणि ते अजून मिळतात.